कर्नल उठला होता, डिस्क दिसत नव्हती

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, शेवटी ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’, आणि कॅप्स लॉकचा दिवा एका तालात लुकलुकतोय. मैत्रिणीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्याची ही अवस्था होती. बंद करून चालू केला की पुन्हा तेच. आत लिनक्सचं डेबियन १२, संपूर्ण डिस्कवर एन्क्रिप्शन, कामाच्या सगळ्या फायली तिथेच. बॅकअपचं विचारलं तर म्हणाली, “आहे ना, मागच्या वर्षीचा.”

तिला नेहमीचा सल्ला आधीच मिळालेला होता: फॉरमॅट मारून नवीन टाक. मला हा सल्ला पटत नाही. डेटा जातो हे एक. शिवाय मशीन कशामुळे अडलं हे कळलेलंच नसतं, त्यामुळे नव्याने टाकलेली सिस्टिमही काही महिन्यांनी त्याच जागी येऊन अडू शकते. आणि या ठिकाणी तर पडद्यावरची ओळ नीट वाचली असती, तर फॉरमॅटचा विषयच निघाला नसता.

कारण ही ओळ कर्नलनेच, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याने, छापलेली होती. म्हणजे फर्मवेअरला बूटचं पार्टिशन सापडलं होतं, ग्रबने (कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) कर्नलची फाइल वाचून मेमरीत ठेवली होती, कर्नल उलगडला होता, प्रोसेसर आणि मेमरी ताब्यात घेऊन आपलं बरंचसं काम उरकून बसला होता. अडलं ते शेवटच्या पायरीवर, रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सगळी सिस्टिम जिच्यावर आहे ती, माउंट करताना (जोडून घेताना). ‘कर्नल बूट होत नाही’ असं आपण सरसकट म्हणतो, पण गाडी कुठे थांबली त्यावर पुढचं सगळं ठरतं. ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला तर ग्रबलाच स्वतःचे मॉड्यूल सापडलेले नाहीत. कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट आला तर कर्नल आणि इनिटरॅमएफएस (बूटपुरती तात्पुरती छोटी सिस्टिम) दोन्ही चालले, फक्त खरी रूट डिस्क हाती लागली नाही. आणि सिस्टिमडी (रूट मिळाल्यावर बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) इमर्जन्सी मोडमध्ये गेला तर रूटही मिळालेली असते, बहुधा एफएसटॅबमधली, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्या यादीतली, एखादी ओळ चुकलेली असते. आमचा मुक्काम दुसऱ्याच्या किंचित अलीकडे होता.

त्या कंसातल्या ०,० कडे फारसं कोणी बघत नाही. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक डिव्हाइसला दोन आकडे असतात, मेजर आणि मायनर. तिथे ८,२ असं काही दिसलं असतं तर अर्थ निघाला असता की एसडीए२ हे पार्टिशन कर्नलला दिसलं, पण त्यावरची फाइल सिस्टिम कळली नाही किंवा बिघडली आहे. ०,० म्हणजे काहीच नाही. ‘रूट=’ म्हणून जे नाव दिलं होतं त्याच्याशी जुळणारं डिव्हाइसच कर्नलकडे नव्हतं. डिस्क खराब झाल्याची शंका इथेच बरीचशी मावळते, कारण त्याच डिस्कवरून ग्रबने कर्नल वाचला होता.

‘नॉट सिंकिंग’ने मात्र बरेच जण दचकतात. त्याचा अर्थ इतकाच की मेमरीतला राहिलेला डेटा कर्नल आता डिस्कवर लिहायला जाणार नाही. स्वतःचाच भरवसा नसताना डिस्कला हात न लावणं हे शहाणपणाचंच. पॅनिक ही कल्पना युनिक्सच्या सुरुवातीपासूनची आहे. मल्टिक्स या युनिक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: मल्टिक्ससाठी मी लिहितो त्यातला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठीच असतो असं ते युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांना म्हणाले, तर रिची यांचं म्हणणं, आम्ही ते सगळं गाळलं, चूक झाली की पॅनिक नावाचं रुटीन चालतं, मशीन कोसळतं आणि कोणीतरी ओरडून सांगतं, रीबूट कर.

शेवटच्या ओळीवरून इतकं कळलं, पण कारण कळायला तिच्या वरच्या ओळी लागतात आणि त्या सर्रकन निघून जातात. पॅनिकनंतर शिफ्ट-पेजअप चालत नाही. कन्सोलवर मागे सरकायची सोय तर ५.९ पासून कर्नलातून काढूनच टाकली आहे. मी ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीतला ‘क्वाएट’ हा शब्द काढला, कंट्रोल-एक्सने बूट केलं आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पडद्याचा व्हिडिओ घेतला. (६.१२ पासून पॅनिकच्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवायची सोय आली आहे. हा कर्नल ६.१ होता, त्यामुळे व्हिडिओच.) व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. पॅनिकच्या जरा वर कर्नलने लिहिलं होतं की योग्य ‘रूट=’ द्या, उपलब्ध पार्टिशन पुढीलप्रमाणे. पुढे यादी नव्हती. एकही पार्टिशन नाही.

डिस्क असताना यादी रिकामी, याचा अर्थ डिस्कचा ड्रायव्हर लोड झालेला नाही. डेबियनच्या कर्नलात एनव्हीएमई, साटा (डिस्क जोडण्याचे प्रकार), ईएक्सटी४ (फाइल सिस्टिम) यांतलं काहीच कर्नलच्या पोटात भरलेलं नसतं. सगळे मॉड्यूल, म्हणजे लागतील तेव्हा जोडायचे तुकडे, असतात. ते मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क वाचायला मॉड्यूल हवेत. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. ही कोंडी फोडण्यासाठीच इनिटरॅमएफएस असते: अत्यावश्यक मॉड्यूल आणि थोडी अवजारं भरलेली एक आवळलेली फाइल, जी ग्रब कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांकसुद्धा कर्नलला स्वतःला समजत नाही, त्याला फार तर पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, कळतो. यूयूआयडीवरून डिस्क शोधणं, पासफ्रेज विचारून लक्सचं (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचं) कुलूप उघडणं, त्याच्या आतले एलव्हीएमने पाडलेले डिस्कचे भाग जागे करणं, हे सगळं या छोट्या फाइलमधल्या स्क्रिप्ट करतात. ती नसेल तर एन्क्रिप्टेड मशीनवर कर्नल पूर्ण आंधळा.

मग ग्रबमध्ये परत. पहिल्या नोंदीवर पुन्हा ‘ई’ दाबून सगळं सावकाश वाचलं. ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ होती, तिच्याखाली ‘इनिटआरडी’ची (इनिटरॅमएफएसची फाइल या नावाने असते) ओळ असायला हवी, ती नव्हतीच. ‘रूट=’समोर मॅपरमधलं (उघडलेल्या लक्स आणि एलव्हीएमच्या भागांची नावं जिथे दिसतात तिथलं) एलव्हीएमचं नाव. ग्रबची नोंद तयार करणाऱ्या स्क्रिप्टला कर्नलशेजारी त्याच आवृत्तीची इनिटआरडी फाइल सापडली नाही, तर ती तक्रार न करता त्या ओळीविनाच नोंद लिहून मोकळी होते. तिच्या दृष्टीने हे वैध आहे, कारण इनिटरॅमएफएसशिवाय चालणारे कर्नलही लोक बनवतात.

‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला. तिथे ओळ होती, पण ग्रब म्हणाला फाइल सापडत नाही, कुठलंही बटण दाबा. दाबलं. ग्रबने कर्नल तरीही सुरू केला आणि मग तेच पॅनिक, तेच ०,०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच भिंतीवर. मेन्यूत ‘सी’ दाबून ग्रबच्या कमांड लाइनवर गेलो आणि ‘एलएस -एल’ला (एचडी०,जीपीटी२)/ हा पत्ता दिला. /बूट वेगळ्या पार्टिशनवर, एन्क्रिप्शनच्या बाहेर होतं, म्हणून ते इथून वाचता येतं. पाच व्हीएमलिनझ (कर्नलच्या फायली) ओळीने उभे, इनिटआरडी एकही नाही.

“अगं, /बूटमधलं काही काढलंस का?”

“अपडेट करताना जागा नाही, जागा नाही म्हणत होतं. मग तिथल्या जुन्या मोठ्या फायली उडवल्या. जागा झाली की!”

झाली होती खरी. अर्ध्या जीबीच्या /बूटमध्ये पाच कर्नल साठले होते, प्रत्येकाची इनिटआरडी सत्तर-ऐंशी एमबीच्या घरात. नव्या कर्नलची फाइल तयार होताना जागा संपली, अर्धवट फाइल पुसली गेली आणि कर्नलचं पॅकेज अर्ध्यावर लटकलं. त्याच अपडेटमध्ये ग्रबचंही पॅकेज होतं. ते बसताना मेन्यू नव्याने लिहिला गेला आणि इनिटआरडी नसलेल्या नव्या कर्नलची नोंद सगळ्यात वर जाऊन बसली. नंतर तिने हाताने फायली उडवल्या. नव्या कर्नलची इनिटआरडी मुळात बनलीच नसल्यामुळे तिथल्या सगळ्याच जुन्या होत्या, म्हणून सगळ्याच गेल्या. मशीन चालू असताना कुणाला काही कळत नाही, कारण बूट झाल्यावर त्या फायलींची गरजच उरत नाही.

निदान झालं. आता दुरुस्तीला बाहेरून शिरायचं. कर्नलला ‘इनिट=/बिन/बॅश’ देऊन आत जाण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते, पण ती रूट माउंट झाल्यानंतरची. इथे उपयोग शून्य. डेबियनचाच लाइव्ह यूएसबी घेतला आणि बूट मेन्यूतून तो यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालाय ना हे /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का ते पाहून तपासलं.

पहिलं काम डेटा बाहेर काढणं. यात मी घासाघीस करत नाही; दुरुस्ती कितीही सोपी वाटली तरी आधी कॉपी. ‘एलएसबीएलके -एफ’ने तीन पार्टिशन दाखवली: छोटं व्हीफॅट, मग ईएक्सटी४चं /बूट, आणि उरलेली सगळी जागा क्रिप्टो-लक्स. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या चुका नाहीत, डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलचा अहवाल स्वच्छ. ‘क्रिप्टसेटअप ओपन’ला तात्पुरतं नाव देऊन लक्स उघडलं, ‘व्हीजीचेंज -एवाय’ने आतला व्हॉल्यूम ग्रुप जागा केला आणि रूट फक्त वाचण्यापुरती माउंट केली. इथे एक बारकावा आहे. ईएक्सटी४ला नुसतं ‘आरओ’ सांगितलं तरी जर्नल (चालू बदलांची नोंद) अर्धवट असेल तर ते चालवताना डिस्कवर लिहिणं होतंच. काहीच लिहिलं जाऊ नये असं वाटत असेल तर सोबत ‘नोलोड’ही द्यावं लागतं. कॉपीसाठी आरसिंक लावलं आणि बाहेरच्या डिस्कवर होम डिरेक्टरी उतरेपर्यंत दुसरं काही केलं नाही.

कॉपी चालू असताना /ईटीसी/क्रिप्टटॅब, म्हणजे एन्क्रिप्टेड भागांची यादी, उघडून बघितली. तिथे लक्सच्या डिव्हाइसला ‘एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट’ असं नाव होतं. हे नाव महत्त्वाचं. इनिटरॅमएफएस बनवणारी हुक स्क्रिप्ट सध्याची रूट कुठल्या मॅपर नावावर बसली आहे ते बघते आणि तेच नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते. लाइव्ह सिस्टिमच्या फाइल मॅनेजरमधून डिस्कवर क्लिक करून उघडली असेल तर नाव ‘लक्स-’ आणि पुढे लांबलचक यूयूआयडी असं पडतं. ते क्रिप्टटॅबमध्ये सापडत नाही, स्क्रिप्ट एक वॉर्निंग छापते, इनिटरॅमएफएस तयार होते, पण तिच्यात कुलूप उघडायची माहितीच नसते. बूट केलं की पॅनिकऐवजी बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट. अनेकांची दुरुस्ती इथे फसते, कारण वॉर्निंग पिवळ्या-लाल रंगात येत नाही, बाकी ओळींसारखीच निघून जाते. म्हणून कॉपी संपल्यावर सगळं अनमाउंट केलं, व्हॉल्यूम ग्रुप झोपवला, लक्स बंद केलं आणि क्रिप्टटॅबमधल्याच नावाने पुन्हा उघडलं. रूटवर ‘ई२एफएससीके’ आधी ‘-एन’ने, म्हणजे नुसतं बघण्यापुरतं चालवलं. काही निघालं नाही.

आता लिहिण्याच्या तयारीने रूट /एमएनटीवर माउंट, तिच्या आत /बूट, त्याच्या आत ईएफआयचं पार्टिशन. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे लाइव्ह सिस्टिमचे भाग बाइंड करून आत जोडले. हे राहिलं तर अपडेट-ग्रब विचारतो, /डेव्ह माउंट आहे का? तो निदान विचारतो तरी. /बूट माउंट करायचं राहिलं तर कोणीच विचारत नाही. नव्या फायली रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या /बूट डिरेक्टरीत लिहिल्या जातात, सगळं यशस्वी म्हणून सांगितलं जातं आणि रीबूटनंतर ग्रब खऱ्या /बूटमध्ये बघतो, जिथे काहीच बदललेलं नसतं. म्हणून सीएचरूट करून (/एमएनटीवरची सिस्टिम हीच रूट मानून) आत गेल्या गेल्या ‘फाइंडएमएनटी /बूट’ चालवायची मला सवय आहे.

आतून ‘यूनेम -आर’ विचारलं तर लाइव्ह यूएसबीच्या कर्नलची आवृत्ती मिळते, हे सहज लक्षात येत नाही. सीएचरूटने फक्त रूट डिरेक्टरी बदलते. चालू कर्नल बाहेरचाच असतो. त्यामुळे आवृत्ती नेहमी स्वतः सांगायची. ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला ‘-यू’ देऊन उपयोग नव्हता, ते असलेली फाइल नवी करण्यासाठी. फाइलच नसेल तर अपडेट कसली करू म्हणतं. ‘-सी’ म्हणजे नवीन बनव, आणि ‘-के’पुढे आवृत्ती. आधी जुन्या, नीट चालत आलेल्या कर्नलची बनवली. नवा कर्नल डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत ‘आयएफ’ खुणेसह अर्धवट पडला होता, त्याला ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ पुरलं: राहिलेली स्क्रिप्ट चालली, इनिटआरडी बनली आणि पाठोपाठ ग्रबचा मेन्यूही नवा झाला. काही डाउनलोड करायची वेळ आली नाही, सगळं आधीच डिस्कवर उतरलेलं होतं. यावेळी मेन्यू बनताना ‘लिनक्स इमेज सापडली’ या ओळीखाली ‘इनिटआरडी इमेज सापडली’ हीही ओळ होती. उरलेले तीन जुने कर्नल ‘अॅप्ट पर्ज’ने रीतसर काढले, तसं केलं की व्हीएमलिनझ, इनिटआरडी, मॉड्यूल आणि ग्रबमधली नोंद एकदमच जातात. हाताने उडवण्यात आणि यात हाच फरक.

फाइल बनली म्हणजे ती बरोबर बनली असं नाही. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने दोन्ही फायलींच्या आत काय आहे त्याची यादी काढली आणि ग्रेप लावून शोधलं: एनव्हीएमईचं मॉड्यूल आहे, डीएम-क्रिप्ट आहे, क्रिप्टसेटअपचा प्रोग्रॅम आहे, आणि ‘क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब’ ही छोटी फाइलही आहे. ही शेवटची फाइल रिकामी असेल तर बाकी सगळं असूनही पासफ्रेज विचारला जात नाही, म्हणून इनिटरॅमएफएस एका तात्पुरत्या डिरेक्टरीत उलगडून तीही वाचली. एकच ओळ, नाव बरोबर.

बाहेर पडलो, सगळं उलट्या क्रमाने अनमाउंट केलं, लक्स बंद केलं, यूएसबी काढून मशीन सुरू केलं. मुद्दाम आधी जुना कर्नल निवडला, कारण तो त्या हार्डवेअरवर चालत होता हे माहीत होतं. नव्यावर काही नवीन निघालं असतं तर दोन भानगडी एकत्र झाल्या असत्या. पासफ्रेज मागणारी ओळ आली. मैत्रिणीने टाइप केला, आणि लॉगिनचा पडदा. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ची यादी रिकामी होती, आणि ही रिकामी यादी मात्र हवी होती. मग रीबूट करून नवा कर्नल, तोही सरळ आला.

या बाबतीत मला फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमची रीत आवडते. तिथे सोर्सवरून नवा कर्नल बसवला की आधीचा आपोआप ‘कर्नल.ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवला जातो, मॉड्यूलसकट, आणि लोडरमधून तो निवडता येतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जुना कर्नल असतोच, पण तो आणि त्याची इनिटआरडी वेगवेगळ्या फायली असल्यामुळे एक राहून दुसरी जाऊ शकते.

निघण्याआधी दोन गोष्टी करून दिल्या. लक्सचा हेडर ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने बाहेरच्या डिस्कवर ठेवला, हेडर बिघडला तर पासफ्रेज पाठ असूनही डेटा मिळत नाही, आणि हा बॅकअप फार कमी लोक घेतात. दुसरं, अपडेटनंतर नको झालेली पॅकेजं काढणारं ‘ऑटोरिमूव्ह’ चालवायचं आणि /बूटला हाताने स्पर्श करायचा नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स=डेप’ लिहिलं की फक्त याच मशीनला लागणारे मॉड्यूल भरले जातात आणि फाइल बरीच लहान होते, पण उद्या ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावावी लागली तर ती तिथे उठेलच असं नाही. म्हणून ते ‘मोस्ट’वरच ठेवलं. खरा उपाय /बूट मोठं करणं, आणि त्यासाठी लागून असलेलं लक्सचं पार्टिशन लहान करून पुढे सरकवावं लागेल. ते काम तिने सवडीवर टाकलंय. तोवर दोन कर्नल आणि येणाऱ्या तिसऱ्यापुरती जागा आहे.